पाणंदीत जळलेला क्लच, अंगणात बदललेलं फ्लायव्हील

गाडी २०१३ ची मारुती वॅगनआर. पेट्रोलवर चालणारं ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पाच गिअर, क्लच केबलवर. मीटरवर ९४ हजार किलोमीटर. मालक केज तालुक्यातले शेतकरी, घरात दोघे भाऊ. धाकट्याचा हात ट्रॅक्टरवर बसलेला. शेजारपाजारचे दोन ट्रॅक्टर त्यानं फोडून पुन्हा जोडलेले. तक्रार अशी की बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र आहे तिथंच राहतो. घाट संपेपर्यंत बोनेटखालून जळका, उग्र वास येतो. शिवाय पहिल्या गिअरमध्ये गाडी हलवताना सगळी बॉडी थरथरते, आणि ही थरथर गाडी तापल्यावर वाढते.

या दोन तक्रारी एकाच मुळातून आलेल्या होत्या. मूळ दीड वर्ष मागचं होतं.

त्या पावसाळ्यात गाडी पाणंद रस्त्यावर काळ्या मातीत रुतली होती. ओली काळी माती चाकाला अशी लपेटते की टायरची नक्षी भरून जाते आणि चाक डब्यासारखं गुळगुळीत होतं. गाडी काढण्यासाठी पहिला गिअर आणि रिव्हर्स आळीपाळीनं टाकत, क्लच अर्धवट सोडून, आठ-दहा मिनिटं इंजिन ताणलं गेलं. त्या दहा मिनिटांत किती उष्णता तयार झाली असेल, याचा हिशेब सोपा आहे. समजा क्लच ४० न्यूटन-मीटर ओढ देतोय आणि इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेतंय. चाक जागचं हलत नाही, म्हणजे ही सगळी ताकद क्लच प्लेटच्या घर्षणात जिरते. ती होते जवळपास साडेदहा किलोवॅट. बादलीत पाणी तापवायचे दीड किलोवॅटचे सात रॉड एकदम लावल्यावर जेवढी धग निघेल, तेवढी एका हातभर रुंदीच्या बंद डब्यात. ती निम्मी फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या टोकावरच्या जड चकतीत जाते, निम्मी प्रेशर प्लेटमध्ये, म्हणजे क्लच प्लेटला त्या चकतीवर दाबून धरणाऱ्या भागात. गाडी उभी असल्यानं वारा लागायचा प्रश्नच नाही.

क्लच गेला. एका गॅरेजात प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी बसवली गेली. फ्लायव्हीलला हात लागला नाही, पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंगही जुनंच ठेवलं. नवा क्लच बसल्याच्या दिवसापासून थरथर होती. ‘नवी प्लेट आहे, बसेल’ असं सांगितलं गेलं आणि घरच्यांनी ते मानलं. थरथर टाळायची म्हणून गाडी हलवताना सगळेच थोडी जास्त रेस देऊ लागले, क्लच जरा जास्त वेळ अर्धवट धरू लागले. त्यानं प्लेट अधिक झिजली. ११ हजार किलोमीटरमध्ये दुसरी प्लेटही संपली. साध्या वापरात या वर्गातल्या गाडीची प्लेट याच्या कितीतरी पट चालते. एवढ्या लवकर दुसऱ्यांदा गेलेली प्लेट दिसली की दोष प्लेटच्या शेजारी शोधायचा, हे या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण.

निदान

गिअरबॉक्स उतरवण्याआधी अर्ध्या तासाची तपासणी होते. ती चुकवून थेट पाना हातात घेणं म्हणजे कधीकधी नुसत्या केबलच्या आट्यांसाठी दोन दिवस वाया घालवणं.

पहिली तपासणी केबलची. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं, म्हणजे मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या, गिअरबॉक्सच्या बाजूला सरकतात आणि केबलमधली मोकळीक कमी होत जाते. मोकळीक शून्यावर आली की पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. अशा गाडीत क्लच घसरतो (स्लिप होतो), पण प्लेट अजून शिल्लक असू शकते. केबल जिला ओढते त्या गिअरबॉक्सवरच्या लिव्हरच्या टोकाला २ ते ४ मिमी मोकळी हालचाल हवी. इथं मोकळीक होती, पण केबलचा नट आट्यांच्या शेवटाला आलेला होता. आधी कुणीतरी ॲडजस्ट करून करून सगळी जागा वापरून टाकलेली. म्हणजे प्लेट संपत आली आहे.

दुसरी तपासणी उभ्या गाडीवरची. सपाट जागा, हँडब्रेक पूर्ण वर, पायाखाली ब्रेक, समोर कुणी उभं नाही. इंजिन सुरू करून चौथा गिअर टाकायचा, किंचित रेस देऊन क्लच नेहमीच्या वेगानं सोडायचा. निरोगी क्लच इंजिन तिथल्या तिथं बंद पाडतो. या गाडीचं इंजिन तीन-चार सेकंद गुरगुरत चालू राहिलं. ही परीक्षा एकदाच घ्यायची. तीनदा घेतली तर जी प्लेट वाचली असती तीही जाते.

थरथर मात्र क्लचशिवायही येऊ शकते. इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी माउंट फाटले असले की गाडी हलवताना असाच धक्का बसतो. बोनेट उघडून, एकानं ब्रेक दाबून क्लच हळूच टेकवायचा आणि दुसऱ्यानं इंजिन किती उसळतं ते बाजूला उभं राहून बघायचं. माउंट ठीक होते, रबर शाबूत होतं. थरथर गाडी तापल्यावर वाढते, ही खूण फ्लायव्हीलकडे बोट दाखवत होती.

जागा आणि तयारी

काम एप्रिलमध्ये, अंगणात. दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, म्हणून सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर. अंगणाचा अर्धा भाग शहाबादी फरशीचा, अर्धा कोब्याचा. गाडी कोब्यावर घेतली, आणि हा निर्णय बरोबर होता. शहाबादी फरशीखाली माती बसलेली असली की पोकळी राहते. जॅक स्टँडच्या, म्हणजे गॅरेजातल्या घोडीच्या, चार पायांवर गाडीचा भार आला की फरशी काचेसारखी तडकते, आणि तेव्हा खाली माणूस असतो. कोब्यावरसुद्धा प्रत्येक घोडीखाली फूटभर चौरस जाड प्लायचा तुकडा ठेवला. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. घोड्या लावल्यावर गाडी बाजूनं जोरात हलवून बघितली, मगच खाली शिरले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालणं, मग ते एका बोल्टपुरतं का असेना, या कामात कुठेच बसत नाही.

गिअरबॉक्स निघाला की इंजिनची डावी बाजू अधांतरी होते. तिला वरून टांगायला बोअरचा दोन इंची जीआय पाईप वापरला. दोन्ही बाजूंच्या मडगार्डच्या आतल्या मजबूत कडेवर बाभळीचे ठोकळे, ठोकळ्यांवर आडवा पाईप, पाईपाला साखळी, साखळी इंजिनच्या उचलायच्या कडीत. साखळी ताणायला टर्नबकल. मडगार्डच्या पातळ पत्र्यावर पाईप टेकवला तर पत्रा बसतो. ठोकळा बोल्ट असलेल्या आतल्या कडेवरच हवा. खालून ऑइल संपला, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला, जॅक लावून इंजिन धरण्याची पद्धत सर्रास दिसते. पत्र्याचा संप त्यानं दबतो आणि आतल्या तेलाच्या जाळीला टेकतो. ती चूक इंजिन जाईपर्यंत कळत नाही.

सामान लातूरहून आणलं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा एका कंपनीचा पूर्ण सेट, फ्लायव्हीलच्या मधलं, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारं छोटं बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, ड्राइव्ह शाफ्टची दोन सीलं, रिलीज शाफ्टचे बुश, क्लच केबल, ७५डब्ल्यू-९० जीएल-४ गिअर ऑइल अडीच लिटर, ब्रेक क्लीनरचे दोन कॅन. जीएल-४ मुद्दाम लिहिलं आहे. दुकानात जीएल-५ पुढे केलं जातं, पण त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगांना मानवत नाहीत. ‘वरचा नंबर म्हणजे अधिक चांगलं’ हा हिशेब गिअर ऑइलला लागू नाही.

उतरवणं

बॅटरीची ऋण तार आधी. मग बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा. क्लच केबल आणि गिअरच्या दोन केबली. गिअरबॉक्सवरचे स्विच आणि सेन्सरचे कप्लर. गिअरबॉक्सला जोडलेली अर्थची जाड तार. स्टार्टर. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो.

तेल काढण्याआधी भरायचा प्लग उघडून बघितला. हा क्रम उलटा केला आणि भरायचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तेलाविना तिथंच बसते.

दोन्ही पुढची चाकं काढली. हबचा मोठा नट सोडलाच नाही. त्याची गरज नसते. खालच्या आर्मच्या बॉल जॉइंटचा बोल्ट पूर्ण बाहेर काढायचा. तो बॉलच्या दांड्याच्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता ढिला करून जॉइंट निघत नाही. आर्मवर लांब पाईप टाकून खाली दाबला की चाकाचा हब धरणारा नकल सुटतो आणि बाहेर ओढता येतो. मग ड्राइव्ह शाफ्टचा गिअरबॉक्सच्या बाजूचा जॉइंट टॉमीनं, म्हणजे छोट्या पहारीनं, झटक्यात बाहेर. टॉमीचं टोक केसिंगच्या जाड भागावर टेकवायचं, सीलच्या ओठाजवळ नाही. शाफ्टला धरून ओढायचं नाही. तसं केलं तर आतला जॉइंट बुटातल्या बुटात सुटतो आणि शाफ्टचंच नवं काम निघतं. सुटलेले शाफ्ट तारेनं वर बांधून ठेवले. लोंबकळत ठेवले तर बूट फाटतात.

बेल हाउसिंगचे, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडाचे, बोल्ट एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर हाउसिंगचा आकार काढून, ज्या जागचा बोल्ट त्याच जागी भोसकून ठेवला. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की ॲल्युमिनिअम फुटतं, आखूड बोल्ट लांब जागी गेला की आटे उपटतात.

गिअरबॉक्स जॅकवर फळी ठेवून धरला, वर पाईपाला पट्टाही बांधला. शेवटचे बोल्ट सुटल्यावर तो इंजिनपासून सरळ रेषेत मागे आला पाहिजे. याचं वजन दोघांना पेलण्यासारखं असतं, पण इनपुट शाफ्ट प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत एका टोकाला झुकू द्यायचा नाही. शाफ्टवर भार आला की प्लेटचं मधलं नाक वाकतं. जुनी प्लेट फेकायचीच असते म्हणून उतरवताना चालून जातं. बसवताना मात्र हीच चूक नवी प्लेट बाद करते.

आत काय दिसलं

हाउसिंगमधली काळी भुकटी हवेनं उडवली नाही. जुन्या प्लेटांमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, नव्यांची भुकटीही फुप्फुसाला चांगली नाही. ओल्या फडक्यानं पुसून, फडकं पिशवीत बंद केलं. तोंडाला मास्क.

प्लेटच्या रिव्हेटची खोली व्हर्निअरनं मोजली. मर्यादा ०.५ मिमी, त्याखाली गेलं की प्लेट बाद. प्रेशर प्लेटच्या बाजूला ०.७ मिमी शिल्लक होतं. फ्लायव्हीलच्या बाजूला ०.२. एकच प्लेट, एकच दाब, दोन बाजूंना वेगळी झीज. दोन्ही बाजूंच्या घर्षणाची जोडी सारखी नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळत नाही.

फ्लायव्हीलवर सात गडद निळे डाग होते, प्रत्येक अंगठ्याएवढा, कड्यावर साधारण सारख्या अंतरानं. डागांमधून केसासारख्या बारीक भेगा. बिडाचं लोखंड सुमारे ७०० अंशांच्या पुढे तापून भोवतालच्या थंड धातूनं झटकन निवालं की तेवढ्या जागेची घडण बदलते. ती जागा भोवतालपेक्षा खूप कठीण होते आणि किंचित फुगते. प्लेट त्या उंचवट्यावर चढते-उतरते, एका फेऱ्यात सात वेळा पकडते आणि सोडते. हीच ती थरथर. उंचवट्यांवरच सगळा भार आल्यानं ते पुन्हा तापतात, अजून कठीण होतात.

डाग नुसता रंगाचा आहे की धातू बदललाय, हे ओळखायला कानस पुरते. बारीक कानस साध्या जागी चावते, कीस निघतो. डागावर ती काचेवरून गेल्यासारखी घसरते. इथं सातही डागांवर घसरली.

फ्लायव्हीलच्या मागे, क्रँकच्या सीलपासून खाली आलेला तेलाचा काळा ओघळ होता. वास इंजिन ऑइलचा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, तो नव्हता. म्हणजे इनपुट शाफ्टचं सील ठीक, क्रँकचं मागचं सील पाझरतंय. प्लेटपर्यंत तेल पोहोचलेलं नव्हतं, पण पोहोचायला फार दिवस लागले नसते.

रिंग गिअरचे, म्हणजे स्टार्टर ज्यांना फिरवतो त्या फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातांपैकी, तीन जागचे दात जास्त झिजलेले होते. तीन सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठल्यातरी सिलिंडरच्या दाबाला अडून थांबतं, आणि अशा जागा फ्लायव्हीलवर तीनच येतात. स्टार्टर दर वेळी तिथंच दात मारतो. मधलं छोटं बेअरिंग बोटानं फिरवलं की खरखर करत होतं, रिलीज बेअरिंगही कोरडं.

लेथवर काय झालं

भावांचा पहिला विचार फ्लायव्हील लेथवर फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट कापून, वापरण्याचा होता. आपल्याकडे हेच केलं जातं आणि साध्या ओरखड्यांना ते पुरतंही. अंबाजोगाईच्या लेथवर ०.४ मिमी काढलं. प्रेशर प्लेटचं कव्हर जिथं बसतं ती कडाही त्याच सेटिंगमध्ये तेवढीच काढायला सांगितली, हे योग्य केलं. नुसता घर्षणाचा पट्टा खाली गेला असता तर प्रेशर प्लेटला ०.४ मिमी पुढे यावं लागलं असतं. म्हणजे नवी प्लेट पहिल्याच दिवशी तेवढी झिजलेली. प्लेटच्या दोन्ही बाजू मिळून वापरायची जाडी काही मिलिमीटरच असते, त्यातले ०.४ असे घालवण्यासारखे नाहीत.

फेसिंग झाल्यावर चकती चकाकत होती आणि लांबून सुंदर दिसत होती. उजेडात तिरकी धरली तेव्हा सातही बेटं दिसली. लेथचं हत्यार कठीण जागी आलं की दबतं, वर उचललं जातं आणि पलीकडे पुन्हा खाली बसतं. बारीक चढउतार मोजणारा डायल गेज लावून हातानं फिरवलं तर प्रत्येक बेटावर काटा ०.०६ ते ०.०८ मिमीनं उडी मारत होता. हा आकडा लहान वाटेल, पण हीच उडी प्लेटला पकडू-सोडू देते. असे डाग सरफेस ग्राइंडरवर घासले तर सपाट होतात, कारण दगड कठीण-मऊ भेद न करता कापतो. ती सोय छत्रपती संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याकडे सहज मिळाली असती. पण डाग पृष्ठभागाखाली किती खोल गेलाय ते घासूनच कळतं. सपाट केलेला कठीण डाग पुढच्या उष्णतेत पुन्हा डोकं काढतो. शिवाय इथं भेगा होत्या आणि रिंग गिअरही झिजलेला. फ्लायव्हील मिनिटाला हजारो फेरे घेतं, चालकाच्या पायांपासून फार लांब नसतं. भेगा असलेली चकती वाचवायची काटकसर करू नये. नवं फ्लायव्हील आणायचं ठरलं. कानस परीक्षेवरच थांबून लेथला पाठवलं नसतं, तर एक दिवस आणि मजुरी वाचली असती.

इथं डिझेल गाड्यांसाठी एक इशारा. अनेक नव्या डिझेल गाड्यांचं फ्लायव्हील दोन चकत्यांचं असतं, मध्ये स्प्रिंग आणि ग्रीस. ते लेथवर चढवायचंच नाही. त्याची परीक्षा वेगळी: हातानं मागेपुढे फिरवून खेळ किती आहे आणि चकती डगमगते का ते बघायचं, कंपनीच्या मर्यादेबाहेर गेलं की बदलायचं.

बसवणं

नवं फ्लायव्हील जुन्यासमोर ठेवून तपासलं: बाहेरचा व्यास, रिंगचे दात खडूनं खूण करून एक-एक मोजले, मधलं भोक, बोल्टची भोकं, कव्हरच्या पिना, एकूण जाडी. दुकानदार गाडीचं नाव विचारून डबा देतो. पण एकाच नावाच्या गाडीत वेगळी इंजिनं आलेली असतात.

क्रँकचं सील बदलताना जुनं काढायला स्क्रू ड्रायव्हर घुसवला जातो आणि क्रँकवर ओरखडा उमटतो. त्या ओरखड्यावरून नवं सील पहिल्या दिवसापासून गळतं. सीलच्या पत्र्यात दोन बारीक स्क्रू फिरवून, पकडीनं सरळ ओढून काढलं. नव्याच्या ओठाला इंजिन ऑइल लावलं, सपाट लाकडी ठोकळ्यानं चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकून जुन्याच्याच खोलीला बसवलं. एका बाजूनं ठोकलं की सील तिरकं बसतं.

इनपुट शाफ्टचं नवं बेअरिंग, मग फ्लायव्हील. बोल्टचे आटे स्वच्छ करून, समोरासमोरच्या क्रमानं तीन टप्प्यांत मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत. फिरू नये म्हणून दोन भोकांची लोखंडी पट्टी बनवली: एक टोक कव्हरच्या भोकात, दुसरं इंजिन ब्लॉकच्या. टॉर्क पाना नसेल तर एक दिवसापुरता मागून आणावा. फ्लायव्हीलचे बोल्ट अंदाजावर सोडायचे नसतात. मग डायल गेजवर फ्लायव्हीलची डगमग: ०.०४ मिमी. मर्यादा ०.२. मोजताना क्रँक एकाच दिशेला दाबून धरावा लागतो, नाहीतर त्याचा स्वतःचा मागेपुढे खेळ काट्यावर दिसतो.

नव्या फ्लायव्हीलवर आणि प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरनं पूर्ण पुसला. रॉकेल किंवा डिझेलनं पुसणारे बरेच आहेत. ती दोन्ही मागे तेलकट थर ठेवतात आणि प्लेट तो पिऊन घेते. प्लेटला फक्त कडेनं, स्वच्छ हातानं धरायचं.

प्लेटची उंच, स्प्रिंगवाली बाजू गिअरबॉक्सकडे. उलटी बसली तर मधलं नाक फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतं आणि क्लच सुटतच नाही. सगळं पुन्हा उतरवावं लागतं. मध्यावर धरायला लेथवरून सागाची दांडी करून घेतली होती, पुढचं टोक बेअरिंगच्या भोकाएवढं, मधला भाग स्प्लाइनच्या, म्हणजे प्लेटच्या मधल्या भोकातल्या दातांच्या, आतल्या व्यासाचा. कव्हरचे सहा बोल्ट एकदा अर्धा फेरा, समोरासमोर, असे सरळ आत घेतले, शेवटी २३ न्यूटन-मीटर. एकच बोल्ट आधी घट्ट केला की कव्हर वाकतं आणि बोटं एका पातळीत राहत नाहीत.

इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवून, जास्तीचं पुसून टाकलं. बोटभर ग्रीस लावलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं. रिलीज शाफ्टचे बुश बदलल्यावर लिव्हर बोटानं हलू लागली; जुने झिजलेले बुश हे जड पेडलचं मोठं कारण असतं, दोष मात्र केबलला मिळतो.

बारा मिलिमीटर

गिअरबॉक्स चढवताना काम अडलं. हाउसिंग आणि इंजिन यांच्यात १२ मिमी अंतर राहिलं आणि पुढे सरकेना. "दादा, दोन बोल्ट लावून आवळून घेऊ की, येतंय आपोआप," धाकट्याचं म्हणणं. ट्रॅक्टरच्या बिडाच्या हाउसिंगला तो थोडा जोर सहन होतो. मोटारीच्या ॲल्युमिनिअमला होत नाही. बोल्टनं ओढलं की हाउसिंगचा कान तुटतो, किंवा शाफ्ट प्लेटच्या स्प्लाइनवर आपटून नवी प्लेट वाकते. थोरल्यानं हात धरला, हे बरं झालं.

एवढ्या अंतरावर अडण्याची कारणं मोजकीच: स्प्लाइनचे दात समोरासमोर आलेले, प्लेट मध्यापासून सरकलेली, किंवा गिअरबॉक्स वाकडा. चारही बाजूंनी अंतर मोजलं. वर १५, खाली १२. म्हणजे गिअरबॉक्सचं मागचं टोक खाली झुकलेलं. पट्टा दोन बोटं ताणून पातळी सारखी केली. मग चौथा गिअर टाकून, इंजिनची पुली पान्यानं हळूहळू फिरवली, दुसऱ्यानं गिअरबॉक्स हातानं पुढे दाबून धरला. पाव फेऱ्यात तो आवाज करत पुढे गेला आणि जागा पक्की करणाऱ्या दोन्ही पिनांवर बसला. त्या पोकळ पिना हाउसिंगच्या भोकात राहिल्या आहेत ना, हे आधीच पाहिलेलं होतं. पिन हरवली तर गिअरबॉक्स केसभर बाजूला बसतो, स्प्लाइन झिजते आणि काही महिन्यांनी आवाज सुरू होतो.

बाकीचं उतरवल्याच्या उलट क्रमानं. ड्राइव्ह शाफ्ट आत ढकलल्यावर त्याच्या टोकावरच्या अडकवायच्या रिंगचा ‘खट्’ असा आवाज यायला हवा. नंतर जॉइंटला धरून बाहेर ओढून बघायचं, सुटता कामा नये. बॉल जॉइंटचा बोल्ट खाचेतून गेलाय याची खात्री. तेल भरायच्या प्लगच्या काठातून बाहेर येईपर्यंत, गाडी चारही बाजूंनी सपाट ठेवून.

पुठ्ठ्यावर एकही बोल्ट उरला नाही, पण अर्थची जाड तार बाजूला लोंबत राहिली होती. बॅटरी जोडण्याआधी फोटो पाहताना ती सापडली. ही तार राहिली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअर प्रवाह क्लच आणि गिअरच्या केबलींच्या तारांतून वाट काढतो. केबलचं आवरण वितळतं, स्टार्टर मंद फिरतो, आणि माणूस नवी बॅटरी घेऊन येतो.

नंतर

लिव्हरच्या टोकाला ३ मिमी मोकळीक ठेवून नवी केबल बसवली. इंजिन चालू करून, क्लच दाबून तीन आकडे मोजून रिव्हर्स टाकला. खरखर नाही, म्हणजे प्लेट पूर्ण सुटते. चौथ्या गिअरच्या परीक्षेत इंजिन जागीच बंद पडलं. पहिल्या पाच-सहा वेळा गाडी हलवताना किंचित कापरं जाणवलं, नंतर गेलं.

पहिले ५०० किलोमीटर गाडी गावातल्या वापरात ठेवली: थांबत, निघत, हलक्या पायानं. घाट नाही, भरगच्च माणसं नाहीत, दुसरी गाडी ओढणं नाही. नवी प्लेट सुरुवातीला पूर्ण पृष्ठभागानं टेकत नाही. उंच जागा आधी घासून बसतात. या काळात जोर लावला तर त्या थोड्या जागा करपतात आणि नव्या फ्लायव्हीलवर पहिला निळा डाग उमटतो.

५०० किलोमीटरनंतर लिव्हरची मोकळीक पुन्हा मोजली. केबल बसल्यानं ती ४ मिमीच्या पुढे गेली होती, पुन्हा ३ वर आणली. १५०० किलोमीटरला मांजरसुंब्याचा घाट चौघांना घेऊन चढला. वास नाही, आवाजाबरोबर वेगही चढला. हाउसिंगच्या खालच्या भोकात बोट घालून पाहिलं, कोरडं. उजव्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलखाली मात्र तेलाचा पातळ ओलसर पट्टा होता. शाफ्ट आत ढकलताना स्प्लाइनची धार ओठाला लागली असणार. सील नवंच असलं तरी पुन्हा बदलावं लागेल. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा नाही. उजवं चाक, बॉल जॉइंट, शाफ्ट आणि काढलेलं तेल गाळून किंवा नवं, एवढंच. या वेळी स्प्लाइनवर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून शाफ्ट आत घालायचा आणि ओठ ओलांडला की पिशवी ओढून घ्यायची.